आधी मैदान, मग मोठा संघ



या खेपेला खेळाविषयी लिहिते आहे. "सिस्टरबाई, तुमचा आणि खेळाचा काय संबंध?" असं कोणी विचारील. अहो, संबंध कसा नाही? सगळी उमेद वॉर्डात घालवली, त्यात खेळून आलेले गुडघे, खांदे आणि मनगटं काय कमी पाहिली? शिवाय आपण बेने इस्राएल माणसं. गाव सोडताना आपल्या लोकांनी मसाल्याच्या बरण्यांबरोबर क्रिकेटची बॅटही पेटीत घातली होती. बिरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद इथे क्रिकेट रुजलं ते पुष्कळसं आपल्याच मंडळींमुळे, हे वाचकांना मी काय सांगू!

तर झालं असं की इथे हूफडॉर्पमध्ये चार भारतीय माणसं चहाला जमली की आताशा एक विषय हमखास निघतो. गाव एवढं वाढतंय, घरं उठताहेत, कचेऱ्या आहेत, विमानतळ दाराशी आहे. मग आपल्या गावाला एखादा मोठा व्यावसायिक संघ का नाही? मोठं स्टेडियम का नाही? तरुण म्हणतात, संघ आला की गावाचं नाव होईल, धंदा वाढेल, मुलांना पुढे जायला वाट मिळेल. आमच्या वयाचे म्हणतात, नको बाबा ती गर्दी आणि तो गोंगाट. मी दोन्ही बाजू ऐकून घेते. पण बोलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना एक गोष्ट ठाऊक नसते. हूफडॉर्पने हा प्रयोग एकदा करून पाहिलेला आहे. तीच हकिकत आज सांगते.

आधी गावाची ओळख. हूफडॉर्प या नावाचा सरळ अर्थ 'मुख्य गाव'. आज जिथे आम्ही राहतो तिथे पावणेदोनशे वर्षांपूर्वी पाणी होतं. हार्लेमरमेर नावाचं अफाट तळं, सुमारे १८,००० हेक्टरांचं. वादळात ते लायडन आणि आम्स्टरडॅमच्या वेशीपर्यंत यायचं, काठ गिळायचं. शेवटी डच लोकांनी त्याच्याभोवती कालवा खणला, वाफेवर चालणारी तीन पंपघरं बसवली आणि १८४९ ते १८५२ अशी तीन वर्षं पाणी उपसून तळं कोरडं केलं. त्यातलं क्रुकियस हे पंपघर आज संग्रहालय म्हणून जपलं आहे. पाहुणे आले की जरूर दाखवण्यासारखं. आमची जमीन समुद्रसपाटीच्या चारएक मीटर खाली आहे. पंप थांबले तर आम्ही बुडालोच म्हणायचे!

या तळ्याच्या तळाशी आलेली पहिली माणसं शेतकरी आणि मजूर. सगळी बाहेरगावची. पुढे महायुद्धात याच पट्ट्यातल्या न्यू-फेनेप गावच्या योहानेस बोखार्ड नावाच्या शेतकऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी शेकडो यहुदी माणसांना शेतघरांत लपवलं. त्याचा वडील त्यापायी छळछावणीत मेला. याद वाशेमने या योहानेसला सन्मान दिलेला आहे. आपल्या पत्रिकेत हे एकदा लिहिलं पाहिजे होतं, म्हणून ओघात लिहिलं.

१९१६ साली याच सपाट जमिनीवर लष्करी विमानांसाठी धावपट्टी झाली. तोच आजचा स्किपोल विमानतळ. १९८१ साली गावाला रेल्वे स्टेशन मिळालं. मग कचेऱ्या आल्या, घरं आली. २००२ साली बसगाड्यांसाठी वेगळा रस्ता झाला, २००४ साली स्पेनच्या कालात्राव्हा या नामवंत वास्तुकाराचे तीन पांढरे पूल कालव्यावर उभे राहिले. त्यांची नावं तंतुवाद्यांची: हार्प, सिथर आणि ल्यूट. दाविद राजाला आवडले असते! आज गावाची वस्ती पाऊण लाखाच्या वर गेली आहे आणि बसथांब्यावर मराठी, तेलगू, हिंदी कानावर पडते. रिकाम्या कचेऱ्या पाडून स्टेशनाजवळ हाइड पार्क नावाची सुमारे ३,८०० घरांची नवी वस्ती उठते आहे. आम्स्टरडॅमची मेट्रो स्किपोलवरून हूफडॉर्पपर्यंत आणायचं ठरून २०२२ च्या अखेरीस सरकारने त्यासाठी मोठी रक्कमही बाजूला काढली. म्हणजे गाव अजून वाढणार हे नक्की.

मात्र वाढायला जागा कुठे आहे? विमानांच्या आवाजामुळे बऱ्याच जमिनीवर घरं बांधायला बंदी किंवा मर्यादा आहे. उरलेल्या जमिनीवर घरं, शाळा, रस्ते, दवाखाने आणि खेळाची मैदानं या सगळ्यांचा डोळा. एका बैठकीत कोणी स्टेडियम म्हटलं की दुसरा लगेच विचारतो, तेवढ्यात किती घरं बसली असती? प्रश्न रास्त आहे. लग्न होऊनही घर मिळत नाही म्हणून आईबापांकडे राहणारी जोडपी इथे किती तरी आहेत. आमच्या पिढीने मुंबईत पागडी भरून खोल्या घेतल्या, तसलंच हे दुखणं, फक्त थंड हवेतलं.

आता मूळ हकिकतीकडे येते. नेदरलँड म्हटलं की आपल्याला फुटबॉल आणि बर्फावरचं स्केटिंग आठवतं. पण या भागात, म्हणजे हार्लेम, आम्स्टरडॅम आणि आमच्या हूफडॉर्पच्या पट्ट्यात, बेसबॉलचं वेड जुनं आहे. इथे त्याला होंकबाल म्हणतात. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: बॅट गोल, विकेट नाही, चार तळ, आणि चेंडू मारून तळ गाठत गाठत घरी परत यायचं. विटीदांडू आणि क्रिकेट दोन्ही खेळलेल्या माणसाला दोन तासांत समजतो. देशाची बेसबॉल संघटना १९१२ सालची आहे. शेजारच्या हार्लेममध्ये १९६१ पासून बेसबॉलचा आंतरराष्ट्रीय सप्ताह भरत आला. २०११ साली तर पनामात क्यूबाला हरवून डच संघाने जगज्जेतेपद मिळवलं.

त्या संघात कुरासाव आणि अरुबा या कॅरिबियन बेटांचे खेळाडू पुष्कळ. ही बेटं डच राज्यातली. आपल्या वाचकांना कुरासावचं आणखी एक कौतुक वाटेल. तिथल्या विलेमस्टाडमधलं सिनेगॉग १७३२ सालचं आहे आणि त्याच्या जमिनीवर वाळू पसरलेली असते. म्हणजे ज्या बेटावरून हे चेंडूफेके वीर येतात तिथेही आपली माणसं तीनशे वर्षांहून अधिक काळ शब्बाथ पाळत आहेत. जग लहान आहे!

हूफडॉर्पचा बेसबॉल क्लब म्हणजे पायोनिर्स. १९९७ साली हा क्लब देशात पहिला आला होता. या क्लबासाठी नवं मैदान बांधायची वेळ आली तेव्हा गावात एक मोठं स्वप्न शिरलं. अमेरिकेची मेजर लीग, म्हणजे जिथे एकेका खेळाडूला कोट्यवधी डॉलर मिळतात ती, आपले काही खरे सामने युरोपात खेळवायचा विचार करत होती. मग आमच्याकडेच का नको? स्किपोल पाच मिनिटांवर, हॉटेलं भरपूर, खेळाची परंपरा आहे. त्या हिशेबाने मैदानाची मापं अमेरिकन नियमांप्रमाणे ठेवली. कायमच्या खुर्च्या गावाला पेलतील एवढ्याच, पण मोठा सामना आला तर हजारो माणसांसाठी तात्पुरते स्टँड उभारता येतील अशी मोकळी जागा सोडली. २०१४ च्या सुमारास हे मैदान खेळायला तयार झालं. नव्या राजाचं, विलेम-अलेक्झांडरचं, नाव क्रीडासंकुलाला दिलं.

आणि मेजर लीग? ती आलीच नाही. २०१४ च्या मार्चमध्ये त्यांनी हंगामाची सुरुवात ऑस्ट्रेलियात केली, तीही सिडनीच्या क्रिकेट मैदानावर. युरोपात त्यांचे पहिले खरे सामने झाले २०१९ च्या जूनमध्ये लंडनला, ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये, न्यूयॉर्क यांकीज आणि बॉस्टन रेड सॉक्स यांचे. लंडन म्हणजे नव्वद लाख लोकवस्तीचं शहर. पैसा नेहमी पैशाकडे जातो, हे काय आपल्याला नवं आहे?

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, झालं, पैसे वाया गेले. थोडं थांबा. हकिकतीचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१६ च्या सप्टेंबरात युरोपची बेसबॉल अजिंक्यपद स्पर्धा याच हूफडॉर्पच्या मैदानावर झाली आणि यजमान डच संघानेच ती जिंकली. एरवी तिथे पायोनिर्सचे सामने होतात, सरावाला मुलं येतात. मैदान ओस पडलं नाही. कारण ते बांधताना खुर्च्या गावाच्या मापाच्या ठेवल्या होत्या. अंथरूण पाहून पाय पसरले होते. स्वप्न मोठं होतं, पण कर्ज स्वप्नाएवढं काढलं नव्हतं. त्याच ठिकाणी तीस हजारांचं पक्कं स्टेडियम बांधलं असतं तर आज त्यात कबुतरं राहिली असती आणि त्याच्या देखभालीचा खर्च आमच्या कराच्या बिलात दिसला असता.

आपल्या वाचकांसाठी एक गंमत. याच डच संघाला आपल्या इस्राएलने २०१७ च्या मार्चमध्ये सेऊलला ४–२ असं हरवलं होतं. चार दिवसांनी तोक्योत डच संघाने १२–२ असा हिशेब चुकता केला, हेही खरं. पण २०१९ च्या सप्टेंबरात इटलीत ऑलिंपिकच्या पात्रतेसाठी सामने झाले तेव्हा इस्राएलने डचांना ८–१ असं लोळवलं आणि तोक्यो ऑलिंपिकचं तिकीट काढलं. डच संघ घरी राहिला. इस्राएलच्या त्या संघातले बहुतेक जण अमेरिकेत वाढलेले यहुदी तरुण. इथल्या डच शेजाऱ्यांना ही आठवण करून दिली की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो!

बरं, हूफडॉर्पचं एक सोडा. आसपासच्या गावांचं काय झालं तेही पाहू.

हार्लेम आमच्यापासून सायकलने जाण्याइतकं जवळ. तिथे एच.एफ.सी. हार्लेम नावाचा जुना फुटबॉल संघ होता. १९४६ साली देशात पहिला आलेला. रूड खुलित, ज्याला आपल्याकडे गुलिट म्हणायचे, तो पुढे जगप्रसिद्ध झाला, त्याची व्यावसायिक सुरुवात १९७९ साली याच संघातून झाली. २०१० च्या जानेवारीत हा संघ दिवाळखोर ठरला आणि हंगाम अर्धा टाकून बंद पडला. नाव, इतिहास, चषक सगळं होतं. नव्हता तो पैसा आणि पुरेसे प्रेक्षक. हाकेच्या अंतरावर आम्स्टरडॅमचा अजॅक्स असताना लोक तिकीट तिकडचंच काढणार. मोठ्या झाडाखाली दुसरं झाड वाढत नाही.

याच्या उलट आल्मेर. तेही आमच्यासारखं समुद्राच्या तळातून वर काढलेलं शहर. पहिली घरं १९७६ सालची. आज दोन लाखांवर वस्ती. नव्या शहराला ओळख हवी म्हणून तिथे फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल असे तीन खेळ एका नावाखाली आणायचा घाट घातला. नाव ठेवलं ऑम्निवर्ल्ड. २००५ साली फुटबॉल संघ व्यावसायिक झाला. तो घाट काही टिकला नाही, पण फुटबॉल टिकला, नाव बदलून आल्मेर सिटी झालं. अठरा वर्षं खालच्या वर्गात खेळून २०२३ साली ते पहिल्यांदा देशाच्या वरच्या वर्गात गेले आणि २०२५ साली पुन्हा खाली आले. त्यांचं स्टेडियम सुमारे साडेचार हजार माणसांचं. म्हणजे दोन लाखांच्या शहरालाही अठरा वर्षं धीर धरावा लागला. पाऊण लाखाच्या हूफडॉर्पने काय समजायचं ते समजावं.

आता आपल्या जुन्या मुलखाकडे वळते. पुण्याची गोष्ट घ्या. हूफडॉर्पच्या कितीतरी पट मोठं शहर, पैसा आहे, खेळाची आवड आहे. आय.पी.एल.मध्ये पुणे वॉरियर्स २०११ ला आले आणि २०१३ नंतर गेले. रायझिंग पुणे २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षं टिकले. फुटबॉलमध्ये एफ.सी. पुणे सिटी २०१४ ला सुरू होऊन २०१९ ला बंद झाला, जागा हैदराबादला गेली. म्हणजे आठ-नऊ वर्षांत तीन संघ आले नि गेले. मुलांनी जर्सी विकत घेतल्या, नावं पाठ केली, आणि एका सकाळी संघच नाही! मालक बदलतो, करार संपतो, पैशाचं बिनसतं, गावाला कोणी विचारत नाही. व्यावसायिक संघ हा भाडेकरूसारखा असतो. आज आहे, उद्या नाही.

नवी मुंबईचं उदाहरण मात्र वेगळं आणि आपल्या जास्त जवळचं. पनवेल, पेण, उरण, अलिबाग हा तर आपलाच मुलूख. पनवेलचं बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचं, म्हणजे आमचं तळं उपसायला सुरुवात झाली त्याच सालचं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीच्या काठची मिठागरं, भातशेतं जाऊन शहर उठलं. २००८ साली नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियम तयार झालं आणि आय.पी.एल.चा अगदी पहिला अंतिम सामना त्याच वर्षी तिथे झाला. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी तिथेच दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्याच्या आदल्याच महिन्यात नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं होतं. विमानतळ, स्टेडियम आणि वाढतं शहर एकमेकांच्या शेजारी, अगदी आमच्यासारखं. फरक एवढाच की नवी मुंबईला मुंबईचा प्रचंड शेजार लाभला आणि मोठे सामने भरवायला तिथे कायमच्या संघाची गरज पडली नाही. मैदान चांगलं असलं की पाहुणे येतात, खेळून जातात, आणि मैदान आपलंच राहतं.

इस्राएलमधलं उदाहरण द्यायचं तर बिरशेबाचं देईन. १९७५ आणि १९७६ साली हापोएल बिरशेबा देशात पहिला आला, मग चाळीस वर्षं काही नाही. २००७ साली अलोना बरकत या बाईंनी संघ विकत घेतला. २०१५ च्या सप्टेंबरात सुमारे १६,००० माणसांचं नवं टर्नर स्टेडियम उघडलं आणि २०१६, २०१७, २०१८ असे सलग तीन वेळा ते विजेते ठरले. नेगेवच्या लोकांना, आणि त्यात आपले किती तरी जण, मान वर करून चालण्यासारखं काही मिळालं. हे मी कमी लेखत नाही. लांबच्या गावात टाकलेल्या माणसांना 'आमचा संघ' म्हणता येणं हे औषधाइतकं उपयोगी असतं. पण बिरशेबाच्या भोवती दुसरं मोठं शहर नाही. सगळ्या नेगेवचा तो एकच मोठा संघ. आमच्या हूफडॉर्पपासून अजॅक्सचं स्टेडियम आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत येतं.

मोठ्या खेळाबरोबर मोठी गर्दीही येते, हेही धरून चाललं पाहिजे. ७ नोव्हेंबर २०२४ ला आम्स्टरडॅममध्ये अजॅक्स आणि मक्काबी तेल अवीव यांचा सामना झाला. त्याच्या आगेमागे रस्त्यात जे प्रकार झाले, प्रेक्षकांचा हुल्लडपणा आणि मग इस्राएली माणसांना शोधून शोधून झालेली मारहाण, त्यानंतर इथली आपली माणसं कित्येक दिवस किप्पा झाकून फिरत होती. खेळाने माणसं जोडली जातात असं म्हणतात. जोडली जातात, पण आपोआप नाही.

धंद्याचा मुद्दाही जरा तपासू. स्टेडियम झालं की रोजगार वाढतो असं सांगतात. अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या स्टेडियमांचे हिशेब वर्षानुवर्षं तपासले, आणि बहुतेकांचा निष्कर्ष असा की सरकारने घातलेला पैसा गावाला तसा परत मिळत नाही. कारण साधं आहे. घरातला मौजेचा पैसा ठरलेला असतो. सामन्याला गेलेलं कुटुंब त्या आठवड्यात सिनेमाला जात नाही, बाहेर जेवत नाही. पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, वाढला कुठे? शिवाय स्टेडियम वर्षातले थोडे दिवस भरतं, बाकीचे दिवस कुलूप.

आता मुलांचं. खरं म्हणजे याच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. आमच्या ओळखीच्या एका मराठी घरातला बारा वर्षांचा मुलगा होंकबाल खेळतो. चेंडू फेकायला चांगला आहे. कोणीतरी म्हणालं, हा अमेरिकेत जाऊ शकेल. झालं! वडील रोज संध्याकाळी त्याच्याकडून बागेत शंभर-शंभर चेंडू फेकून घेऊ लागले. मुलगा कोपर चोळत माझ्याकडे आला, "आजी, जरा बघ ना." मी कोपराच्या आतल्या बाजूला बोट लावलं तर कळवळला. मी त्याच्या आईला फोन लावला आणि म्हटलं, आजपासून चेंडू बंद, आणि उद्या डॉक्टरकडे.

हे सगळ्यांनीच समजून घ्यावं असं आहे. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीचा कोवळा भाग असतो. जोराने फेकण्याचा ताण पुन्हा पुन्हा पडला की तो भाग दुखावतो. मोठेपणी कोपराच्या आतला बंध तुटतो. १९७४ साली टॉमी जॉन नावाच्या अमेरिकन खेळाडूच्या कोपरात डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्याच हातातली दुसरी शीर, म्हणजे स्नायूची दोरी, बसवून बंध नवा केला. तेव्हापासून त्या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं आणि आता ती कोवळ्या पोरांवरसुद्धा करावी लागते. म्हणून अमेरिकेच्या बेसबॉल संघटनांनी २०१४ साली वयाप्रमाणे मर्यादा घालून दिल्या. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने सामन्यात एका दिवसात जास्तीत जास्त ८५ चेंडू फेकावेत, आणि ६६ किंवा त्याहून जास्त झाले तर पुढे चार दिवस पूर्ण विश्रांती. क्रिकेटमध्ये जलद गोलंदाजी करणाऱ्या मुलांच्या पाठीची गोष्टही अशीच. आईबापांनो, ही मर्यादा मुलाच्या भविष्याच्या आड येत नाही, भविष्य तिच्यामुळेच शिल्लक राहतं. त्या मुलाचं कोपर विश्रांतीने बरं झालं, तो आता पुन्हा खेळतो, आणि वडील चेंडू मोजतात.

आणि अमेरिकेला जाण्याची शक्यता किती? तिथले क्लब परदेशी मुलांना सोळाव्या वर्षापासून करारबद्ध करतात, पण करार झालेल्यांपैकीही फार थोडे वरपर्यंत पोचतात. नेदरलँडच्या वरच्या वर्गात बेसबॉल खेळणारेसुद्धा बहुतेक जण नोकरी किंवा शिक्षण सांभाळूनच खेळतात. म्हणून मुलाला सांगावं, खेळ जरूर, जीव तोडून खेळ, पण शाळेचं दप्तर माळ्यावर टाकू नकोस.

आपल्या घरांपुढे आणखी एक अडचण असते, शनिवारची. इथे मुलांचे सामने बहुतेक शनिवारी सकाळी. पूर्वी कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी आपण घाणा बंद ठेवत असू. पोटाचा धंदा असून बंद ठेवत असू. आता सामन्यासाठी काय करायचं? मी कोणाला उपदेश करणार नाही. काही घरं सराव आठवड्यात करतात आणि सामने सोडतात. काही जण रविवारी खेळणारा संघ शोधतात. काही जण किद्दुश आटोपून शनिवारी मैदानावर जातात. मात्र क्लबाशी आधीच मोकळेपणाने बोलावं हे बरं. इथले लोक स्पष्ट बोलणाऱ्याचं ऐकतात. न सांगता गैरहजर राहिलेलं त्यांना आवडत नाही.

इथल्या क्लबांची रीतही सांगण्यासारखी आहे. मैदान सहसा नगरपालिकेचं, क्लब सभासदांचा. पालकांना ड्यूटी लागते. कोणी कँटीनमध्ये कॉफी देतो, कोणी पंच होतो, कोणी रेघा मारतो. मोठ्या कंपनीतला साहेबसुद्धा शनिवारी कपबश्या धुताना दिसतो. आपली नवी भारतीय मंडळी सुरुवातीला बिचकतात, 'फी भरली ना, मग काम कशाला?' म्हणतात. पण ज्याने दोन वर्षं कँटीन सांभाळलं त्याला गावात ओळखी झाल्या, भाषा आली. डच भाषेच्या वर्गात जे शिकता येत नाही ते कँटीनच्या खिडकीत शिकता येतं. गाव आपलं होतं ते असं.

तेव्हा माझं मत स्पष्ट लिहिते, पटलं तर घ्या. हूफडॉर्पने मोठ्या संघाच्या मागे धावू नये. हाइड पार्कसारख्या वस्तीत हजारो माणसं राहायला येताहेत, त्यांच्या मुलांना चालत किंवा सायकलने जाता येईल इतक्या जवळ मैदान मिळतं की नाही, याचा आग्रह धरावा. घर की मैदान असा वाद घालत बसण्यात अर्थ नाही. घराला मोरी लागते तशी वस्तीला मैदानाची गरज असते, नकाशात ती पहिल्यापासून आखावी, नंतर जागा उरत नाही. क्रिकेटसाठी इथली भारतीय मुलं आम्स्टेलफेनला जातात. तिथलं मैदान चांगलं आहे, २००४ साली भारत, पाकिस्तान आणि ऑस्ट्रेलिया यांची मालिका तिथे भरली होती. पण रोजच्या सरावाला गावातच एक खेळपट्टी असावी, एवढं मागणं गैर नाही. मागायला मात्र नगरपालिकेच्या बैठकीला जावं लागतं. चहाच्या कपावर बोलून खेळपट्टी मिळत नसते. आमच्या ओळखीच्या चार-पाच घरांनी मिळून अर्ज लिहायला घेतला आहे. डच शुद्धलेखन मुलं तपासतील, सह्या गोळा करायचं काम मी घेतलं आहे. म्हातारीला कोणी नाही म्हणत नाही, त्याचा फायदा घ्यायचा!

दिमोना, अश्दोद, बिरशेबा, लोद इथल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात आपल्या माणसांनी पहिली खेळपट्टी कुठे नि कशी मिळवली, कोणाकडे अर्ज केला, मॅटिंग कुठून आणलं, हे ज्यांना आठवत असेल त्यांनी दोन ओळी लिहून पत्रिकेकडे पाठवाव्यात. आठवणारी माणसं आता थोडी उरली आहेत, आणि इथल्या पोरांना ती माहिती उपयोगी पडेल.

पुढच्या अंकात भेटू. गुडघे जपा, रोज अर्धा तास चाला.

शालोम.